गोठे रिकामे, प्लॉट भरलेले!



‘आता गुरे पाळणे परवडत नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून हल्ली इतक्या सहजपणे ऐकू येते की ते खरे की खोटे, हे तपासण्याची गरज कोणालाच वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत तेच, दिवाळीच्या फराळाला तेच, बाराव्याच्या जेवणालाही तेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. जमा कुठे लिहायची आणि खर्च कुठे, हा आमचा पोटाचा धंदा. म्हणून या वाक्याचा जमाखर्च एकदा उघड्यावर मांडून पाहावा असे आम्हांला वाटले.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गुरे परवडत नाहीत हे खोटे आहे. गुरांना चरायला जागा नसली तर ती परवडत नाहीत, हे खरे आहे. ही दोन वाक्ये एकच आहेत असे भासवून गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या भागातली चराऊ जमीन हळूहळू खाल्ली गेली, आणि दोष मात्र बिचाऱ्या बैलाच्या माथी मारला गेला.

चार एकर भाताचे घर घ्या. एक बैलजोडी, एक गाय, एक वासरू, सहा-सात शेळ्या, परसात दहा-बारा कोंबड्या. खानवेलच्या बाजूला, दुधनी-मांदोनीकडे असे घर आजही सापडेल. तीनशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला अडीच टन. जोडी आणि गाय मिळून साडेसात टन झाले. यातला मोठा वाटा पूर्वी रानात, बांधावर आणि भात कापल्यानंतरच्या मोकळ्या खाचरांत चरून निघायचा, उरलेला घरच्या पेंढ्यावर भागायचा. वैरणीच्या खात्यावर खर्च जवळजवळ शून्य. आता त्याच गावात चरायची जागा काढून घ्या. साडेसात टनांतला निम्मा भाग जरी विकत आणायचा म्हटला, तरी घराचे कंबरडे मोडते. जनावर तेच, घर तेच, मेहनत तीच. बदलले काय? जागा. मग तोटा कोणाच्या नावावर लिहायचा?

जमेच्या बाजूलाही आपण नीट लिहीत नाही. दुधाचे पैसे तेवढे मोजतो. एक गावठी जनावर दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले तरी वर्षाला साडेतीन टनांच्या वर होते. राब भाजायला शेण लागते, खाचराला खत लागते, अंगण सारवायला लागते, चुलीला गोवऱ्या लागतात. चिखलणीची नांगरट भाड्याने करून घेतली तर पैसे मोजावे लागतात, घरच्या जोडीने केली तर ‘फुकट’ झाली म्हणायचे, ही कुठली हिशेबाची रीत? शेळी पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत तीन वेते होतात, बऱ्याचदा जुळी होतात. शाळेची फी, आजारपण, पाहुणा, देवकार्य, या सगळ्याला ती उभी असते. बँकेची मुदतठेव अशी वीत नाही, हे आम्ही बँकेत बसूनच सांगतो!

आता सरकारी योजनांकडे वळू.

आपल्या या पट्ट्याचे जनावर म्हणजे डांगी, किंवा डांगीच्या वळणाचे गावठी. डांग, नाशिक, ठाणे, नगरच्या डोंगरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या घडलेली ही जात आहे. कातडीला तेलकटपणा, त्यामुळे धो धो पावसातही अंग फारसे भिजत नाही; खूर काळे आणि टणक, चिखलात-दगडांत टिकणारे. दूध कमी. एका वेतात सरासरी चारशे-साडेचारशे लिटरच्या आसपास. बस, एवढा एकच आकडा पाहून साहेब लोक मान हलवतात आणि होल्स्टीन किंवा जर्सीच्या संकराची शिफारस करतात. संकरित गाय दूध कितीतरी पट देते, नाकारत नाही. पण तिला सावलीचा गोठा हवा, खुराक हवा, हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवा, आणि आषाढात ती डोंगरावर चरायला जाणार नाही. ज्याच्याकडे हे सगळे आहे त्याने ती जरूर घ्यावी. ज्याच्याकडे डोंगर आहे आणि पाऊस आहे, त्याला डांगीच शहाणी.

कर्जाच्या अर्जांचे नमुने आम्ही रोज पाहतो. दुधाचा रकाना असतो. नांगरटीचा नसतो, शेणाचा नसतो. जे रकान्यात नाही ते जगात नाही, असा एकदा नियम झाला की डांगी बैल कागदावर मरतो, आणि मग काही वर्षांत गोठ्यातही मरतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानातली २०२१ सालची उद्योजकता योजना पाहा. शेळीपालनाला भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान! वाचून कोणालाही आनंद होईल. पण सर्वांत लहान घटक किती? शंभर शेळ्या आणि पाच बोकड, अनुदान दहा लाखांपर्यंत. सर्वांत मोठा पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकड, अनुदान पन्नास लाखांपर्यंत. आता सांगा, कौंचा-सिंदोनीच्या कुठल्या घरात शंभर शेळ्या बांधायला जागा आहे? सात शेळ्यांच्या बाईला या योजनेत दार नाही, खिडकीही नाही. शंभर शेळ्यांची शेड ज्याच्याकडे पैसा आहे तोच घालणार, आणि ती शेळी रानाचे तोंडही पाहणार नाही. याला शेळीपालन म्हणायचे तर म्हणा; आमच्या मते ते शेळ्यांचे गोदाम आहे.

उलट जे खरोखर लहान घराच्या उपयोगाचे आहे त्याची माहिती कोणी सांगत नाही. किसान क्रेडिट कार्ड हे २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून पशुपालनालाही लागू झाले. तारणाशिवाय मिळणाऱ्या शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये आहे. पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठी दोन लाखांपर्यंत व्याज सात टक्के, आणि मुदतीत परतफेड केली तर तीन टक्क्यांची सूट, म्हणजे चार टक्के. पन्नास हजार घेतले आणि वेळेवर फेडले तर वर्षाचे व्याज दोन हजार रुपये. पेंडीला, वैरणीला, औषधाला हे पैसे वापरता येतात. एवढे असून आपल्या समाजातली किती घरे हे कार्ड मागायला आली? मोटारसायकलच्या कर्जाला रांग, आणि गाईच्या कर्जाला लाज! कोणी खिडकीवरून ‘होत नाही’ म्हणून परत पाठवले, तर का होत नाही ते लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळ गोष्टी होऊ लागतात, हा आतल्या बाजूचा अनुभव आहे.

मूळ मुद्दा मात्र जागेचाच. ४९१ चौरस किलोमीटरचा हा आपला मुलूख. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने याचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला, आणि १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा, नरोली आणि शेवटी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. १९६१ साली भारतात रीतसर विलीनीकरण झाले तेव्हा इथली लोकसंख्या होती ५७,९६३. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली. चौरस किलोमीटरला ११८ माणसे होती तिथे ७०० झाली. सुमारे चाळीस टक्के भूभाग जंगलखात्याचा. दमणगंगेवर मधुबन धरण झाले, त्याच्या पाण्याखाली खोऱ्यातली शेते आणि वस्त्या गेल्या. पिपरियाला १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत आली, पुढे करसवलतींच्या ओढीने मसाट, आठाळ, खडोली, रखोली इथपर्यंत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. रस्ते रुंद झाले, चाळी उठल्या. जमीन काही रबराची नाही. प्रत्येक वेळी कोणाची तरी जागा गेली, आणि ज्या जागेला मालक नाही ती सर्वांत आधी गेली. गायरान म्हणा की गौचर म्हणा, ते सगळ्या गावाचे असते. म्हणजे ते गिळले जात असताना ओरडायला कोणी एक माणूस नसतो.

आम्ही कारखान्यांच्या विरुद्ध नाही. आपली अर्धी घरे त्यांच्यावर चालतात आणि आमच्या बँकेच्या खिडकीपुढची रांगही त्यांच्याच पगाराची. पण कारखान्याला जागा हवी म्हणून ती गायरानातूनच का, हा प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध, हा कुठला न्याय?

गवताचे राजकारण या पट्ट्याला नवीन नाही, हे तरुणांना माहीत नसते म्हणून सांगतो. आपल्या शेजारच्या डहाणू-उंबरगाव-तलासरी भागात १९४५ साली वारली मजुरांनी गवतकापणीचा संप केला. पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये, एवढीच मागणी. आणि त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसे मेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकांना माहीत झाला. पुढे १ सप्टेंबर १९५३ ला आपल्या वेशीवरच्या पारडी तालुक्यात घासिया सत्याग्रह सुरू झाला. जमीनदार हजारो एकरांत नुसते गवत राखत आणि ते मुंबईच्या तबेल्यांना विकत, आणि आदिवासींना दाणे पिकवायला जमीन नव्हती. ईश्वरभाई देसाई आणि समाजवादी मंडळींनी तो लढा १९६७ पर्यंत नेला. यावर एखादा म्हणेल, ‘गवत हे तर सावकारांचे पीक, तुम्ही त्याचीच बाजू घेता?’ नाही. एका मालकाचे राखलेले गवत आणि सगळ्या गावाचे गायरान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पारडीचे आदिवासी लढले ते एकाच्या मुठीतली जमीन अनेकांना मिळावी म्हणून. आज अनेकांची जमीन एकेकाच्या मुठीत चालली आहे. बाजू तीच आहे, फक्त दिशा उलटी झाली.

दुसरा आक्षेप जंगलवाल्यांचा. शेळी रान खाते, गुरे रोपे तुडवतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मोकाट, बारमाही, राखणदाराशिवाय सोडलेली गुरे रानाचे वाटोळे करतातच. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून आपले डोंगर हिरवे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिथे चराईबंदी कोणी केली? गावाने केली. आणि गवत काही वाया घालवले नाही, कापून आणून जनावरांना घातले. इथे बंदी येते वरून, आणि बंद झालेल्या जागेवर दोन वर्षांनी गवत नव्हे, कुंपण उगवते! गायरानाचे तीन भाग करा, एक भाग दसऱ्यापर्यंत बंद ठेवा, बी पडू द्या, मग कापा. पुढल्या वर्षी दुसरा भाग. आपल्या आजोबांना हे सांगावे लागत नव्हते. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वैयक्तिक दाव्यांची धावपळ सगळे करतात. गावाच्या चराईचा दावा किती गावांनी मनावर घेतला?

शहरातल्या सोसायट्यांतून तक्रार येते ती रस्त्यावर बसलेल्या गुरांची. बरोबर आहे, अपघात होतात. पण ती गुरे रस्त्यावर का आली? तुमच्या सोसायटीच्या भिंतीच्या जागी ती पूर्वी बसत होती. आता उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चघळतात आणि पोट फुगून मरतात. त्यांना कोंडवाड्यात घालायला १८७१ सालचा कायदा आहे. त्यांना चरायला जागा राखण्याची आठवण मात्र कोणाला होत नाही. भाकड गाय आणि थकलेला बैल यांचेही तेच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, थकलेल्या बैलाच्या वर्षाच्या अडीच टन वैरणीचे बिल कोणी भरायचे, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलेले नाही. गायरान असते तर बिलाचा प्रश्नच एवढा मोठा झाला नसता.

आता घरातले बोलू.

गोठा असलेले घर पहाटे जागे होते. म्हातारीला काम असते, म्हणून ती खाटेला खिळत नाही. सून धार काढते, शाळेतून आलेले पोर वासराला पाणी दाखवते. शेळ्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात असतात. आमच्या खिडकीवर लहान लहान रकमा घेऊन ज्या बायका येतात, त्यांतल्या कितीतरी जणींची बचत शेळीच्या पिल्लावर उभी आहे. गोठा मोडला की नवऱ्याच्या हातात प्लॉटचे पैसे येतात आणि बायकोच्या हातातला शेळीचा पैसा जातो. या बदलाला कोणी ‘प्रगती’ म्हणते तेव्हा ती कोणाची, हे विचारावे.

जुन्या दिवसांत सगळे सोन्याचे होते असे मात्र समजू नका. गुरामागे जाणारे पोर शाळेत जात नसे, आणि ते पोर बहुधा वारल्याचे किंवा कोकण्याचे असे, आपले नसे. आपल्या घरांनी गाई-शेळ्या अर्धेलीने दिल्या. राखायचे त्यांनी, चारायचे त्यांनी, पावसात भिजायचे त्यांनी, आणि वेत झाले की निम्मे आपले. हा व्यवहार होता, उपकार नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला याच मुलांसाठी कुरणशाळा काढली. पोर गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणात न्यायची! केवढी साधी आणि केवढी मोठी कल्पना. आज पोर शाळेत गेले हे उत्तम झाले, ते पुन्हा गुरामागे जाऊ नये. पण मग गावाने पगारी राखणदार ठेवावा, घरटी वर्गणी काढावी. हे काही अशक्य नाही. आणि लक्षात ठेवा, आपल्या गोठ्यातले शेवटचे जनावर विकले जाते तेव्हा आपल्याला फरक पडत नाही. ज्याच्या वाड्यात ते अर्धेलीने होते, त्याचे घर मात्र त्या वर्षी कारखान्याच्या गेटवर ठेकेदारापुढे उभे राहते. वाघबारस तो अजून पाळतो. वाघदेवाला नारळ ठेवतो, गुरे सांभाळ म्हणतो. गुरे उरली किती हे वाघाने विचारले तर तो काय सांगणार?

आपण मात्र वसुबारसेला बाजारातून आणलेल्या मातीच्या गाय-वासराची पूजा करतो. दर २ ऑगस्टला फेटे बांधून मुक्तिसंग्रामाची भाषणे ऐकतो. मग ३ ऑगस्टला दलाल येतो, आणि त्याला चहा आपल्याच घरी मिळतो. एन.ए. झाले की भाव किती, यावर सख्ख्या भावांत वर्ष-वर्ष बोलणे बंद असते. प्लॉटचे पैसे खात्यावर येतात तेव्हा आम्ही ते मोजून घेतो आणि पुढे त्यांचे काय होते तेही पाहतो. आधी गाडी, मग मुलीचे लग्न, मग वरचा मजला. त्यानंतर मुदतठेवी मोडायला लागतात. तिसरी ठेव मोडायला येणारा हात आम्ही लांबून ओळखतो. घरे आपलीच आहेत, म्हणून नावे घेत नाही. असो.

आपल्याला विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एक केंद्रशासित प्रदेश झालो, तरी नाहीच. म्हणजे गायरानाबद्दल सभागृहात प्रश्न विचारणारा आमदार आपल्याकडे नाही. जे करायचे ते ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, कलेक्टर आणि प्रशासक यांच्याकडे कागदानेच. कागद आपल्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांना योजना करायला सांगितले आणि त्या आदेशाची प्रत केंद्रशासित प्रदेशांनाही पाठवायला लावली. अर्ज करताना या निकालाचा उल्लेख तारखेसह करावा. खानवेलच्या बाजूच्या जनावरांना डॉक्टरसाठी सिल्वाशापर्यंत यावे लागू नये, आणि घटसर्प-फऱ्याच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वी पाड्यापाड्यात टोचल्या जाव्यात, हीही मागणी त्यातच घालावी. २०२२ साली गुजरात-महाराष्ट्रात लंपीने काय केले ते आपण पाहिले आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी २०१९ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, कानात बारा आकडी बिल्ला मारला जातो. बिल्ला मारून घ्यायला कुरकुर करू नका, विम्याला आणि कर्जाला तो लागतो. योजनांची पत्रके मराठीत मागा, आणि वारली-कोकणा माणसाला तोंडी समजावून सांगणारा माणूसही मागा.

ज्यांच्या गावात गायरान आहे, किंवा होते, त्यांनी गावाचा नकाशा आणि त्या सर्वे नंबरचा उतारा काढून संस्थेच्या कार्यालयात एक प्रत आणून द्यावी. क्षेत्र कागदावर किती आणि जागेवर किती, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ. पण मोजणीची मागणी वैशाखातच गेली पाहिजे. एकदा पाऊस लागला की खुणेचे दगड गवतात दिसत नाहीत, आणि कुंपण पुढे सरकवणाऱ्याला नेमका तोच हंगाम सोयीचा असतो.